उंदीर पडू लागले तेव्हा

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले आणि खराडी मागे टाकली, की वाघोली लागते. पेशवाईतले नामांकित सरदार पिलाजी जाधवराव यांचे हे गाव. वाघेश्वराचे देऊळ अजून तिथे आहे. या रस्त्याने पूर्वी बैलगाड्यांची रांग चालायची. ज्वारी, बाजरी, कडबा, भाजीपाला शहराकडे जायचा आणि मीठमिरची, कापडचोपड गावाकडे यायचे. गाडीत पोती असली की पोत्यांबरोबर एक आगंतुकही प्रवास करी. त्याने कधी भाडे दिले नाही आणि कुणी त्याला मागितलेही नाही. तो म्हणजे उंदीर.

आज आपण या उंदराचीच गोष्ट ऐकणार आहोत. गोष्ट जुनी आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीची. पण ती नुसती रोगाची गोष्ट नाही. लोकांना समजावून सांगितले नाही म्हणजे काय होते, आणि समजावून सांगितले म्हणजे काय साधते, याची ती गोष्ट आहे.

सन १८९६. पावसाळा सरत आला होता. मुंबईच्या मांडवी भागात, गोदीजवळच्या धान्याच्या वखारींच्या आसपास, माणसांना कडकडून ताप येऊ लागला. जांघेत नाहीतर काखेत गाठ यायची, डोळे लाल व्हायचे, शुद्ध हरपायची आणि चारसहा दिवसांत माणूस आटपायचा. गोव्यातून मुंबईस येऊन डॉक्टर झालेले अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर महिन्यात हा रोग ओळखला. हा प्लेग आहे, असे त्यांनी उघड सांगितले. आपल्या आजीपणज्यांनी त्याला साधे नाव दिले होते, ‘गाठीचा ताप’.

मुंबईची माणसे गावोगाव पळाली आणि रोगही गावोगाव गेला. थोड्याच दिवसांत तो पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला आणि अधिकाऱ्यांच्या हाती मोठे अधिकार दिले. पुण्यात प्लेग कमिटी नेमली गेली. तिचे प्रमुख होते वॉल्टर चार्ल्स रँड. मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या पेठांतून फिरू लागल्या. घराला वेढा द्यायचा, आत शिरायचे, रोगी शोधायचा, त्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना सेग्रिगेशनच्या छावणीत टाकायचे, असा क्रम होता. मग घरातल्या जमिनी उकरायच्या, भिंतींवर औषधाचे पाणी मारायचे, कपडालत्ता आणि अंथरूण जाळायचे.

आता मंडळी, एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. रोगी वेगळा ठेवणे, घर स्वच्छ करणे यांत मुळात वाईट काही नाही. पण ही माणसे बुटांसकट देवघरात आणि स्वयंपाकघरात जात. गाठ आली आहे की काय हे पाहण्यासाठी बायामाणसांची तपासणी उघड्यावर होई. माणूस इस्पितळात गेला की त्याचे काय झाले हे घरच्यांना कळत नसे. छावणीतून परत यावे तर घरातले डाग-दागिने, भांडीकुंडी जागेवर असतील याचा भरवसा नसे. आणि हे सारे कशासाठी चालले आहे, हे घरच्या बाईला तिच्या बोलीत समजावून सांगणारे कोणी नव्हते.

परिणाम काय व्हायचा तो झाला. लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, कणगीआड, परसात, जिथे जागा मिळेल तिथे. मयत झाले तरी रात्रीतून गुपचूप नेऊ लागले. रोग शोधायला निघालेल्या सरकारने रोग आणखी खोल दडवला. लोकमान्य टिळक त्या दिवसांत पुण्यातच राहिले. त्यांनी हिंदू प्लेग इस्पितळ उघडण्यात पुढाकार घेतला, आणि ‘केसरी’तून रँडसाहेबांच्या कारभारावर कडक टीकाही केली. पंडिता रमाबाईंनीही स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध लिहिले. राग साचत गेला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढची हकीकत शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फासावर गेले. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची सजा झाली.

इतिहासाच्या पुस्तकात हा धडा इथे संपतो. आपली गोष्ट मात्र इथे सुरू होते.

ती सुरू होते त्याच वर्षी, वाघोलीपासून काही कोसांवर. खराडीच्या समोर नदीपलीकडे मुंढवा आहे. त्याच्या पुढे हडपसर. हडपसरच्या बाजूला ससाणे यांच्या मळ्यात, वस्तीपासून दूर मोकळ्या रानात, डॉक्टर यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना थाटला. यशवंतराव म्हणजे जोतीराव आणि सावित्रीबाईंचे दत्तक चिरंजीव. जोतीराव १८९० साली गेले होते. सावित्रीबाईंचे वय पासष्टीच्या पुढे होते. त्या वयात त्या रोगी आणण्यासाठी वस्त्यावस्त्यांतून फिरू लागल्या. मुंढव्याला गावकुसाबाहेरच्या वस्तीत एक मुलगा गाठीच्या तापाने पडला आहे, असे त्यांना कळले. त्या तिथे गेल्या, आणि मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांनाच रोग जडला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. मुलगा वाचला, असे सांगतात.

आता या दोन चित्रांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकीकडे दारावर बूट आपटणारा सोजीर. तोही रोगी इस्पितळातच न्यायला आला आहे. दुसरीकडे ही म्हातारी बाई. तीही रोगी इस्पितळातच नेते आहे. दोघांचे काम एकच. एकाच्या हातून माणसे दडवून ठेवली, आणि दुसरीच्या पाठीवर आईबापांनी आपले लेकरू दिले. औषध त्या वेळी दोघांजवळही नव्हते. फरक होता तो विश्वासाचा.

पण श्रोतेहो, नुसता विश्वासही पुरत नाही. ज्ञानही लागते. त्या वेळी प्लेग कसा पसरतो, हे कोणालाच पुरते ठाऊक नव्हते. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन आणि किटासाटो या शास्त्रज्ञांनी प्लेगचा जंतू शोधला होता. पण जंतू उंदरातून माणसात येतो कोणत्या वाटेने? कोणी म्हणे घाणीतून, कोणी म्हणे हवेतून, कोणी म्हणे जमिनीतून. म्हणून तर सरकार जमिनी उकरीत होते. घरात औषधाचे पाणी मारले की आतले उंदीर बिचकत आणि बिळाबिळातून शेजारच्या घरात जात. मार घरावर बसत होता, आणि रोग वाहून नेणारा प्राणी मोकळा सुटत होता.

आणि इथे एक मोठी नवलाची गोष्ट आहे. जे शास्त्राला सापडत नव्हते, त्याचा निम्मा भाग आपल्या खेड्यातल्या माणसाला ठाऊक होता. आढ्यावरून उंदीर पटापट खाली पडू लागले, झिंगल्यासारखे उजेडात फिरून मरू लागले, की गाठीचा ताप येणार, एवढे त्याने पाहून पाहून ओळखले होते. ‘उंदीर पडले’ असे म्हणायचा अवकाश, गाव खाली व्हायचे. माळावर, मळ्यात खोपी घालायच्या आणि महिना-दोन महिने तिथेच राहायचे. हिमालयात गढवाल-कुमाऊँकडची माणसे तर एकोणिसाव्या शतकात, मुंबईत साथ येण्याच्या कितीतरी आधीपासून, उंदीर मेले की गाव सोडीत. त्याची नोंद इंग्रज डॉक्टरांनीच करून ठेवलेली आहे. म्हणजे अनुभवाचे शहाणपण लोकांजवळ होते. त्यामागचे कारण मात्र त्यांना सांगता येत नव्हते, आणि सरकार त्यांना विचारीत नव्हते.

कारण सापडले ते असे. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एक प्रयोग केला. त्याने दाखवले की प्लेगच्या उंदराकडून दुसऱ्या उंदराकडे रोग नेणारी एक पिसू आहे. त्या वेळी लोक त्याच्यावर हसले. मग मुंबईत डॉक्टर ग्लेन लिस्टन यांनी त्याचा पाठपुरावा केला, आणि १९०५ पासून प्लेग संशोधन कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत पद्धतशीर प्रयोग केले. त्यांतला एक प्रयोग शाळेतल्या मुलांना सांगण्याजोगा आहे. प्लेगची साथ असलेल्या जागेत त्यांनी गिनीपिगचे पिंजरे ठेवले. एक पिंजरा जमिनीलगत, दुसरा जमिनीपासून चांगला वर टांगलेला. दोन्हीकडे हवा तीच. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले प्राणी आजारी पडले, आणि वर टांगलेले सुखरूप राहिले. का? तर पिसूला काही इंचांच्या वर उडी मारता येत नाही. रोग हवेतून येत असता तर वरच्यांनाही झाला असता. केवढा मोठा प्रश्न, आणि किती साध्या युक्तीने सुटला!

मग सारा उलगडा झाला. पिसू उंदराच्या अंगावर राहते आणि त्याचे रक्त पिते. उंदराला प्लेग झाला की जंतू पिसूच्या पोटात जातात आणि तिथे वाढून तिचा घसाच बुजवतात. पिसूची भूक भागत नाही. ती पुन्हा पुन्हा चावते, आणि चावताना जंतू जखमेत ओकते. उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले, की पिसू त्याला सोडते आणि दुसरा उंदीर शोधते. घरातले उंदीर संपले की माणसाच्या पायाकडे वळते. उंदीर पडल्यापासून माणसे आजारी पडेपर्यंत साधारण दहा ते चौदा दिवस जातात. हे जे दहा-चौदा दिवस, तेच आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. गाव सोडून माळावर जाणे हा अडाणीपणा नव्हता. पिसूपासून दूर जाण्याचा तो बरोबर मार्ग होता. पुढे सरकारनेही सक्ती सैल केली आणि गाव खाली करण्याचाच सल्ला दिला. जे लोक आधीच करीत होते, ते दरबारी मान्यता पावले.

आपल्याकडे उंदीर इतके का माजले, हेही यातून कळते. आपली जुनी घरे मातीच्या भिंतींची. आत बळद, कणगी, खाली पेव. धान्य घरात, माणूस घरात आणि उंदीरही घरात. रात्री बायका-मुले जमिनीवरच अंथरूण टाकून निजायची. पिसूला याहून सोयीचे काय हवे? गरिबाच्या घरात प्लेग जास्त, याचे कारण त्याचे पाप नव्हते. त्याची जमीन, त्याची भिंत आणि त्याचे अंथरूण हे कारण होते.

लसीची हकीकतही अशीच आहे. ओडेसा शहरात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिल्यांदा ती स्वतःला टोचून घेतली, आणि मगच इतरांना टोचली. लोकांचा भरवसा मिळवायची ही खरी रीत. पण भरवसा मिळवायला वर्षे लागतात आणि जायला एक दिवस पुरतो. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्यावर आला, त्यांना कामावरून दूर केले. पुढे चौकशीत असे दिसले की प्रयोगशाळेचा दोष सिद्ध होत नाही. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. पण मधल्या पाच वर्षांत किती माणसांनी टोचून घ्यायचे टाळले असेल! परळच्या त्या संस्थेला १९२५ साली हाफकिन यांचेच नाव दिले गेले.

प्लेगने हिंदुस्थानात पुढच्या तीसचाळीस वर्षांत एक कोटीहून जास्त माणसे नेली. त्यात राजाही नव्हता आणि रंकही नव्हता, सारे सारखे. लोकमान्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ साली प्लेगनेच गेला. मग स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे आली, कीटकनाशक पूड आली, आणि रोग हटत गेला. १९६६ नंतर देशात प्लेगचा माणूस दिसेनासा झाला. लोक विसरले. गुरुजींनी फळ्यावर लिहायचे सोडले.

आणि मग १९९४ साल उजाडले. पुन्हा आपल्या नगर रस्त्यावर या. वाघोलीवरून हा रस्ता अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जातो, आणि तिथून एक वाट बीडकडे फुटते. बीड जिल्ह्यात मामला नावाचे एक लहान गाव आहे. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा मोठा भूकंप झाला होता. भीतीने लोक घराबाहेर निजत होते, आणि धान्य मात्र घरात पडून होते. उंदरांचे त्यात फावले, असे पुढे तज्ज्ञांनी मांडले. ऑगस्टमध्ये मामल्याच्या लोकांच्या लक्षात आले, की घरात उंदीर मरून पडताहेत आणि पिसवा फार चावताहेत. त्यांनी तक्रार केली. काही दिवसांनी माणसांना गाठी आल्या. पहा, मधे सव्वीस-अठ्ठावीस वर्षे गेली होती, तरी उंदीर पडण्याचा अर्थ खेड्यातल्या माणसाला कळत होता!

सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उद्भवला. देशात त्या साथीत पन्नासहून अधिक माणसे दगावली. पण त्याच्या कितीतरी पट मोठी होती ती घबराट. लाखो माणसे सुरत सोडून पळाली. दुकानातल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. ज्यांनी थांबून रोग्याला पाहायचे, त्या खाजगी डॉक्टरांतलेही पुष्कळ पळाले. १८९७ मध्ये औषध नव्हते आणि ज्ञान नव्हते. १९९४ मध्ये दोन्ही होते. वेळेवर औषध मिळाले तर प्लेगचा रोगी बरा होतो, हे पुस्तकात छापलेले होते. पण ते पुस्तकातून माणसाच्या घरापर्यंत गेलेले नव्हते.

आज वाघोलीला जाल तर बैलगाडी दिसणार नाही. २०२१ साली गाव पुणे महानगरपालिकेत गेले. शेतांच्या जागी इमारती उठल्या. बळद गेले, पेव बुजले. पण उंदीर गेला का? तो फक्त कणगीतून कचऱ्याच्या ढिगात आणि गटारात उतरला. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात त्याचे मूत मिसळते आणि त्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो अनुभव घेतला. पायाला जखम असताना अशा पाण्यातून चालू नये, आणि चालावे लागलेच तर ताप येताक्षणी डॉक्टरला तसे सांगावे, इतकी साधी गोष्ट. पण ती ठाऊक असावी लागते.

कचऱ्याचा ढीग म्हटला की कुत्री आलीच. पिसाळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तर जुनी भीतीच माणसाचा जीव घेते. पूर्वी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. त्या धास्तीने कित्येक जण दवाखाना टाळून अंगारे-धुपारे करीत, जखमेवर चुना, मिरची, हळद चोळीत. ती जुनी लस आपल्या देशात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडावर टोचतात, ठरलेल्या दिवशी मोजक्याच सुया असतात. पण चौदा सुयांची गोष्ट अजून पारावर सांगितली जाते, आणि नवी गोष्ट तिथे पोचलेली नाही.

तेव्हा गुरुजन हो, चार गोष्टी मुलांच्या वहीत जाऊ द्या. घरात, गोठ्यात किंवा वस्तीत एकदम अनेक उंदीर मेलेले दिसले तर त्यांना हाताने शिवायचे नाही, ताबडतोब आरोग्य केंद्राला कळवायचे. अशा वेळी उंदीर मारण्याची घाई करायची नाही. आधी पिसवांचा बंदोबस्त करायचा, कारण उंदीर मेला की पिसू माणसाकडे येते. कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सुया मधेच सोडायच्या नाहीत. आणि धान्य झाकून, ओटा करून, जमिनीपासून उंच ठेवायचे.

ही यादी कोणीही वाचून दाखवील. पण तिच्या आधी ही सगळी हकीकत सांगा. मुलाला विचारा, वरच्या पिंजऱ्यातला प्राणी का वाचला? तो उत्तर शोधील, आणि शोधलेले उत्तर तो घरी जाऊन आजीला सांगील. आजी म्हणेल, ‘अरे, आमच्या घरचे म्हातारे हेच सांगायचे, उंदीर पडले की माळावर चला.’ मग दोघांचे ज्ञान जुळेल. १८९७ साली पुण्यात नेमके तेच जुळले नाही. एका बाजूला हुकूम होता, दुसऱ्या बाजूला अनुभव होता, आणि मधे बोलणारे कोणी नव्हते.

मुंढव्याहून मुलाला पाठीवर घेऊन निघालेल्या सावित्रीबाईंचे आयुष्य शिकवण्यात गेले होते, हे विसरू नका. आजारी लेकराच्या घरी जाऊन त्याच्या आईशी बोलायला काय शब्द लागतात, हे त्या शिक्षिकेला ठाऊक होते. गुरुजी, पुढच्या वेळी कुणाच्या दारी ताप उतरला, तर तिथे पहिला जाणारा माणूस तुम्हीच असाल.